अंगणात शिंजीर यावा असं वाटत असेल तर लागवड आषाढात करा

इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून घरी आलो, हात धुवायला मागच्या नळावर गेलो तर अडुळशावर शिंजीर, फुलांतला मध पिणारा तो इवलासा पक्षी! नर या दिवसांत काळानिळा चमकतो, पावसाळ्यानंतर तोच फिका पिवळा होतो आणि छातीवर नुसती काळी रेघ उरते. फोटो ग्रुपवर टाकला की लगेच विचारणा, आम्ही काय लावू? पण ही विचारणा येते मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये लावून काही होत नाही हो. आपल्या माळव्यातला वसंत कोरडा, रानातली बारकी फुलं पावसातच येऊन जातात, फाल्गुनात मध मिळतो तो झुडपांवर आणि पळस-सावरीवर.

म्हणून पहिलं काम मेअखेरीचं. चार बाय सहा फूट कोपरा पुरतो. इंदूरची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात पाणी धरून बसते, मुळं कुजतात, तेव्हा दीडदोन फुटी खड्डे घ्या, मातीत शेणखत आणि बारीक मुरूम मिसळा आणि भरताना जमिनीपेक्षा थोडं उंच ठेवा.

दमदार पाऊस झाला की लागवड. अडुळसा सगळ्यात सोपा, पेन्सिलीएवढी जून काडी खोचली तरी लागते, हिवाळ्यापासून पांढरी फुलं येतात आणि भुंगेही येतात. धायटी मात्र शोधावी लागते, वनखात्याच्या नर्सरीत विचारा, पण लावाच, कारण ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीभर लाल फुलं आणि शिंजिराची दिवसभर ये-जा. काटेरी पिवळी कोरांटी कुंपणाशी. रुई लावलीत तर तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर लांबच लावा. पळस फक्त मोठी जागा असेल तर, बी ताजंच पेरायचं, आणि फुलाची घाई असेल तर पळसाच्या नादी लागू नका. डबल पाकळ्यांची नर्सरीतली फुलं दिसायला छान, पण पुष्कळदा आत मध नसतो.

मग निंदणी, आणि इथेच सगळे चुकतात, सरसकट उपटतात. भुईरिंगणी आपणहून उगवते, काटे आहेत पण जांभळं फूल ऐन कोरड्या दिवसांत असतं, कोपऱ्यात असू दे. आघाडा थोडा ठेवा. काँग्रेस गवत मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढा. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, तरी ती बाहेरून आलेली आणि बाकीच्यांना दाबून टाकते, मी काढतोच.

पाण्याला मातीचं पसरट भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक खडबडीत दगड आणि पाणी रोज बदलायचं. मांजर दबा धरेल अशा झुडपालगत ठेवू नका. साखरपाणी तर नकोच.

औषध फवारू नका. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते, मावा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा मारा, बस.

आणि फेब्रुवारीपासून कात्री कुलपात! एका मार्चमध्ये मी अडुळसा 'नीट' करायला घेतला, लोंबता वाळका कचरा म्हणून फांदी छाटली, हातात घेतली तर कोळ्याच्या जाळ्याने विणलेलं शिंजिराचं घरटं, आत दोन अंडी. परत बांधून ठेवलं, मादी आलीच नाही. तेव्हापासून छाटणी पावसाळा स्थिरावल्यावरच, तीही प्रत्येक फांदी खालून बघून, कारण शिंपी पक्षी तर हिरवी पानंच शिवून आत घरटं करतो, वरून कळतसुद्धा नाही. शेवग्याची वाळकी फांदीही धोक्याची नसेल तर राहू द्या, तांबट पक्षी त्यात घरट्यासाठी भोक पाडतो.

शेजारच्या काकू म्हणतात, "अहो, मागे जंगल झालंय." गेटसमोरचं तेवढं मी झाडून घेतो, मागे झाडू नेत नाही.