घाटात गिअरबॉक्स किती तापतो ते कसं पाहावं: ट्रॉली ओढणाऱ्या ऑटोमॅटिक डिझेल गाड्यांसाठी

धुळ्याकडून इंदूरला येताना दोन मोठे चढ लागतात. सेंधव्याच्या अलीकडे सातपुड्यातला बिजासन घाट, आणि धामनोद-गुजरी मागे टाकल्यावर मानपूरपर्यंत नेणारा गणपती घाट. मागे जनरेटरची, फूड स्टॉलची किंवा घोड्याची ट्रॉली लावलेली ऑटोमॅटिक गाडी या दुसऱ्या चढाला लागते तेव्हा दोन्ही घाटांमधला निमाडचा पट्टा ओलांडून तिचा गिअरबॉक्स आधीच तापलेला असतो. मे महिन्यात बाहेरची हवाही चाळिशीच्या पुढे असते. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मध्यावरून हललेला नसतो, कारण तो इंजिनच्या कूलंटचा काटा आहे. गिअरबॉक्समधल्या तेलाचं त्याला काही कळत नाही. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तापमानासाठी फक्त धोक्याचा दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत तेलाचं व्हायचं ते नुकसान बहुतेक झालेलं असतं.

आधी आपली गाडी यात बसते का ते बघा. इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांच्या डिझेल ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा लेख अशा गाड्यांसाठी आहे. मॅन्युअल किंवा एएमटी (क्लच आपोआप दाबणारी मॅन्युअल) गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे चढावर जळते ती क्लच प्लेट, आणि तिच्यासाठी गिअरबॉक्सच्या तेलाचा तापमान मीटर उपयोगाचा नाही.

उष्णता येते कुठून

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते. इंजिनकडची पाती वेगाने फिरतात, गिअरबॉक्सकडची थोडी मागे राहतात, आणि या फरकात तेल घुसळलं जाऊन तापतं. ठरावीक वेगाच्या वर गेलं की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र पकडतो. घुसळण थांबते आणि तापमान उतरायला लागतं. चढावर वेग ३०-४० वर आला आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला राहिला की लॉक-अप सुटतो. सगळा त्रास इथून सुरू होतो. इंदूर शहरातून ट्रॉली नेताना सिग्नलमागून सिग्नल घेत गेलं तरी हेच होतं, म्हणून मांगलियाकडून राऊकडे जायचं असेल तर लांब पडला तरी बायपास बरा.

लॉक-अप लागलाय की नाही हे गाडी चालवतानाच कळतं. स्थिर वेगात ॲक्सिलरेटर किंचित जास्त दाबा. वेग न वाढता आरपीएम दोन-तीनशेने उडाला तर लॉक-अप सुटलेला आहे. आरपीएम आणि वेग बरोबरच वाढले तर लागलेला आहे. ही सवय लागली की मीटरवर आकडा का चढतोय हे तुम्हाला मीटर बघायच्या आधी समजेल.

पहिला मार्ग: गाडीतलाच सेन्सर वाचणे

आजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाच्या तापमानाचा सेन्सर कंपनीकडूनच बसवलेला असतो, फक्त आकडा समोर दाखवलेला नसतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडी तपासायचं यंत्र जोडतात ते) ब्लूटूथ डोंगल लावा, मोबाइलवर टॉर्क प्रो किंवा तसं ॲप घ्या. गिअरबॉक्सचं तापमान सहसा ॲपच्या नेहमीच्या यादीत सापडत नाही. ते कंपनीच्या खास कोडमध्ये असतं, म्हणून ॲपमध्ये आपल्या कंपनीचा जादा कोड-संच जोडावा लागतो. काही गाड्यांत दोन आकडे मिळतात, एक ऑइल चेंबरचा (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं ते भांडं) आणि एक टॉर्क कन्व्हर्टरकडचा. दोन्ही स्क्रीनवर ठेवा.

आकडा दिसला म्हणजे तो खरा आहे असं समजू नका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी फक्त इग्निशन चालू करा. तेल, कूलंट आणि बाहेरची हवा, तिन्ही आकडे दोन-चार अंशांच्या आत जुळले पाहिजेत. सतत उणे ४० दिसत असेल तर सेन्सरकडून काही येतच नाही, कोड चुकला आहे. कूलंटच्या आकड्याबरोबर तंतोतंत तोच आकडा हलत असेल तरीही कोड चुकला आहे. गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, तो बॅटरी खातो.

बहुतेकांचं काम एवढ्यात होतं. गाडीचा कोड मिळत नसेल, किंवा मोबाइलच्या भरवशावर राहायचं नसेल, तरच पुढचं करा.

दुसरा मार्ग: वेगळा मीटर

लागणारं सामान: सेंडरसह (तेलात बसून तापमान मोजणारा भाग) इलेक्ट्रिक तापमान मीटर, ०.७५ ते १ चौरस मिमी वायर, ३ ॲम्पिअरचा फ्यूज, स्लीव्ह, रबरी ग्रोमेट, आणि सेंडर बसवायला ड्रेन प्लगच्या जागी लागणारा ॲडॉप्टर किंवा चेंबरला वेल्ड करायचा नट.

सेंडर कुठे बसवायचा हा प्रश्न मीटर कुठला घ्यावा यापेक्षा मोठा आहे. ऑइल चेंबरमध्ये बसवला तर गिअरबॉक्स ज्या तेलावर चालतो त्याचं सरासरी तापमान कळतं. हा आकडा सावकाश हलतो आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून बघता येतो. कन्व्हर्टरकडून कूलरला (गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या गरम नळीवर बसवला तर आकडा झटपट उडतो. चढावर तो चेंबरपेक्षा २०-३० अंशांनी जास्त दिसू शकतो. कूलरकडून परत येणाऱ्या नळीवर मात्र बसवू नका. तिथे थंड झालेलं तेल मोजलं जातं आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो. आमचा सल्ला चेंबरचा.

चेंबर कशाचा आहे ते पाहूनच हात घाला. काही गिअरबॉक्सचा चेंबर प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच असतो. त्याला भोक पाडायचं नाही. पत्र्याचा असेल तर नट बाजूच्या भिंतीवर, तेलाच्या पातळीच्या खाली आणि सायलेन्सरपासून दूर वेल्ड करून घ्या. आत फिल्टर आणि व्हॉल्व्ह बॉडीला (तेलाचा दाब वळवणाऱ्या भागाला) सेंडरचं टोक अडत नाही ना हे तपासायला टोकावर मुलांच्या खेळण्यातली माती लावून चेंबर एकदा कोरडाच बसवून पाहा. माती दबली तर जागा बदला.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट, आटे. बाहेरून आलेल्या मीटरच्या सेंडरला बहुधा १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात. आपल्याकडे इंदूरच्या सियागंजात किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात १/८ म्हटल्यावर हातात पडतं ते बीएसपी (ब्रिटिश मापाचं). एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८, आणि कोनही वेगळा. सुरुवातीला दीड-दोन फेरे दोन्ही एकमेकांत छान जातात, मग अडतात. जोर लावला की आटे मरतात आणि पंधरा दिवसांत तेल पाझरायला लागतं. सेंडर बरोबर घेऊनच सांवेर रोडवरच्या एखाद्या लेथवाल्याकडे जा आणि त्याच आट्यांचा नट बनवून घ्या. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक ते दीड फेरा पुरे.

एकाच वायरचा सेंडर असेल तर त्याला अर्थिंग (बॅटरीच्या मायनसशी जोड) आट्यांतूनच मिळतं. त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले तर अर्थिंग तुटतं आणि मीटर कमी तापमान दाखवतो, म्हणजे नेमका उलटा धोका. टेप टाळा, पातळ सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडा. वायर स्लीव्हमधून, सायलेन्सरपासून दूर, ग्रोमेटमधूनच आत घ्या. मीटरचा प्लस इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या.

बसवण्याआधी सेंडर उकळत्या पाण्यात धरून मीटर तपासा. एकच वायर असेल तर बॉडीला बॅटरीच्या मायनसची तार लावावी लागेल. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे पाणी इथे सुमारे ९८ अंशांना उकळतं. मीटर ९५ ते १०१ च्या दरम्यान दाखवत असेल तर चालेल.

आकडे कसे वाचायचे

हे चेंबरमधले आकडे आहेत. गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच धरा.

८० ते ९५ अंश: नेहमीचं चालणं.
९५ ते ११०: ट्रॉलीसह चढाव, काळजी नाही.
११० ते १२०: चालवण्याची पद्धत लगेच बदला.
१२० च्या वर: सुरक्षित जागा मिळताच थांबा.
१३५ च्या वर गेलं असेल तर ते तेल पुढच्या फेरीसाठी ठेवू नका.

तापमान जितकं वाढतं तितकं तेलाचं आयुष्य झपाट्याने घटतं. आधी तेलाचा थर पार्ट्सवर चिकटतो, मग सील कडक होतात, शेवटी क्लच प्लेट घसरू लागतात.

एकटा आकडा अर्धंच सांगतो. पहिल्या काही दिवसांत वहीत नोंद ठेवा: रिकामी गाडी सपाट रस्त्यावर, ट्रॉलीसह सपाट रस्त्यावर, ट्रॉलीसह चढावर, आणि प्रत्येक वेळी बाहेरचं तापमान. पुढे त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाला, तशाच हवेत आकडा ८-१० अंश जास्त यायला लागला तर तेलाची पातळी, कूलरच्या जाळीतला कचरा आणि लॉक-अप, या क्रमाने तपासा.

घाटात

चढ दिसला की आधीच मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या. आरपीएम २००० ते २५०० मध्ये ठेवा आणि लॉक-अप टिकेल तेवढाच पाय दाबा. ट्रकच्या मागे अडकलात तर चिकटून रांगू नका, अंतर सोडा आणि एका चालीत चढा. एसी बंद केला तर पुढच्या जाळीवरचा भार कमी होतो.

थांबावं लागलं तर इंजिन बंद करू नका. हँडब्रेक ओढा, गाडीच्या आणि ट्रॉलीच्याही चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि आरपीएम १२०० ते १५०० वर धरा. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद झालं की तेल कूलरकडे जाणं थांबतं. पार्कमध्ये काही गिअरबॉक्स कूलरकडे पुरेसं तेल पाठवत नाहीत, म्हणून न्यूट्रल. आकडा १०० च्या खाली आला की निघा.

घरी आल्यावर तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. तपकिरी रंग आणि जळका वास असेल तर तेल बदला. नवीन सीलबंद गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते, पातळी ओव्हरफ्लो प्लगवरून आणि ठरावीक तापमानालाच पाहतात, बहुधा ४० अंशांच्या आसपास. त्यासाठीही हाच मीटर लागतो. तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच, रंग जुळतो म्हणून दुसरं नाही.

नोंदींत ट्रॉलीसह १२० वारंवार दिसत असेल तर जादा कूलर बसवायची वेळ आली आहे. प्लेट-टाइप घ्या, रेडिएटरच्या पुढे लावा. तेल आधी कंपनीच्या कूलरमधून, नंतर या नव्यातून आणि मग गिअरबॉक्सकडे, हा क्रम ठेवा. उलटा लावला तर थंड झालेलं तेल रेडिएटरच्या ९० अंशांच्या पाण्यात पुन्हा तापून येतं.