जुन्या गाडीत ई-२० घालताय? मग पावसाच्या आधी एवढं करून घ्या

पंपावर आता जे ई-२० पेट्रोल मिळतंय त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतंय, मक्याचं, तांदळाचं आणि आपल्या उसाचं पण. आपल्या भागाला हे नवीन नाही, २००१ साली देशात पहिल्यांदा चाचणी झाली त्यात मिरज होतं, २००३ ला ५ टक्के सुरू झालं, जून २०२२ ला १० टक्के झालं आणि २० टक्क्यांचं टार्गेट २०३० वरनं अलीकडं ओढलं, का तर बाहेरनं आणायचं तेल कमी व्हावं. घरी ऊस आहे, कारखान्याचं बिल वेळेत यावं असं वाटणारा माणूस मी, त्यामुळं हे धोरण मला मनापासून पटतंय. पण कोल्हापूरचा पाऊस आणि कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जुनी दुचाकी, इथं जपायला लागतंय.

मागच्या जुलैत माझी गाडी चार दिवस पागोळीखाली उभी होती, पाचव्या दिवशी चालू होईना. टाकीचं झाकण उघडल्यावर कडेला एक बारीक भोक दिसतंय बघा, झाकणावर पडलेलं पाणी तिथनं नळीतनं खाली जातंय, माझं ते चिखलानं बुजलेलं आणि सगळं पाणी टाकीत. इथेनॉल पाणी ओढून घेतंय, थोडं असलं तर पेट्रोलमध्येच मुरतंय, पण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतंय आणि टाकीतनं पेट्रोल सोडणारा कॉक तळातनंच ओढतोय. म्हणून आधी ते भोक बारीक तारेनं मोकळं करा आणि झाकणाचं रबर कडक झालं असलं तर बदला.

पाण्याची शंका आली तर इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर, जवळ विडी-काडी नको, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. मधे रेघ दिसली, खाली वेगळा थर दिसला, की टाकी पूर्ण रिकामी करायची. वरनं नवीन पेट्रोल ओतून भागवायला जाऊ नका, मी तेच केलं आणि गाडी ढकलत गॅरेजला न्यावी लागली.

पेट्रोलचा पाइप बोटानं दाबा, फुगलेला, चिकट लागला किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर ई-२० ला चालणारा मागून घ्या, त्याच मजुरीत ओ-रिंग आणि फिल्टर पण बदलून टाका, कारण इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतंय आणि ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, जाऊन अडकते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाडीला ही कटकट नाही, तरी मॅन्युअल एकदा बघा.

अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच, लिटरमागं इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकीला ३-४ टक्के घट धरलीय, म्हणजे ५० देणारी गाडी ४८ देईल. त्याच्यापेक्षा लई पडलं तर टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवा, परत त्याच पंपावर फुल करा, किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा आणि तो आकडा घेऊनच फिटरकडं जा.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका, फुल करून ठेवा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी धरतंय. आणि काढलेलं खराब पेट्रोल गटारीत अजिबात ओतू नका, ते पंचगंगेत जातंय, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडं द्या.