जुन्या कॅनचे साइड-डबे: डबा सोपा, चौकट अवघड

मोटारसायकलला मागे दोन्ही बाजूंना जुन्या कॅनचे सामानाचे डबे लावायचे म्हटलं की सल्ला देणारे डब्यापासूनच सुरुवात करतात. कुठला कॅन घ्या, कसा कापा, वरून कुठला रंग मारा. डबा हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. रविवारच्या एका दुपारी तो होतो. तो डबा गाडीला धरून ठेवणारी लोखंडी चौकट हे खरं काम, आणि नेमकं त्याबद्दल 'वेल्डरकडून दोन पट्ट्या मारून घ्या' एवढंच सांगितलं जातं. अशा दोन पट्ट्यांवर लटकवलेला डबा घाटात, मागून ट्रक येत असताना, रस्त्यावर पडू शकतो. म्हणून हा लेख मुख्यतः चौकटीबद्दल आहे.

खाली सांगितलंय ते मागे दोन शॉकअप असलेल्या साध्या गाडीसाठी: स्प्लेंडर, प्लॅटिना, जुनी शाइन, पल्सर 150 वगैरे. सगळा खर्च दीड-दोन हजारांत बसायला हरकत नाही.

कॅन निवडणं

खाण्याच्या तेलाचे रिकामे कॅन किराणा दुकानात, वडेवाल्याकडे किंवा भंगारात मिळतात. तळाशी त्रिकोणात 2 हा आकडा असेल तर ते प्लास्टिक एचडीपीई, म्हणजे आपल्या कामाचं. औषध फवारणीचे किंवा ॲसिडचे कॅन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. कितीही धुतलं तरी त्यात कपडे आणि खाणं ठेवायची हिंमत होऊ नये.

20 लिटरचा कॅन घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो टाळा. त्याची जाडी 24-25 सेंमी भरते. दोन्ही बाजूंना तसे कॅन लावले की गाडी मागून हँडलपेक्षा रुंद होते. स्प्लेंडरची एकूण रुंदी 72 सेंमी आहे. चालवताना आपला अंदाज हँडलवरून बांधलेला असतो. हँडल गेलं म्हणजे गाडी गेली असं धरून आपण दोन वाहनांमधून निघतो, आणि मागचा डबा रिक्षाला घासतो. 18 सेंमीपर्यंत जाडीचा, उभट आणि चपटा कॅन शोधा. सामान थोडं कमी बसेल, बसू द्या.

चौकट: इथे घाई नको

मी सगळ्यात जास्त अडलो ते इथेच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न, चौकट गाडीला कुठे पकडायची. डोळ्यांना सगळ्यात सोयीचा दिसतो तो शॉकअपचा खालचा बोल्ट. मोठा आहे, बाहेर आलेला आहे, हाताशी आहे. त्याला हात लावू नका. तो बोल्ट स्विंग आर्मवर असतो (मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात), आणि चिमटा चाकाबरोबर वर-खाली होतो. वरचं टोक चासीला (गाडीच्या मुख्य सांगाड्याला) आणि खालचं टोक चिमट्याला बांधलेली चौकट प्रत्येक खड्ड्यात ताणली आणि दाबली जाते. शॉकअप असतो तो या दोन टोकांमधलं अंतर कमी-जास्त होऊ देण्यासाठी, आणि तुम्ही तेच अंतर लोखंडाने पक्कं करून टाकता. मग एक तर शॉकअप काम करत नाही, नाही तर वेल्डिंग सुटतं. बहुतेक वेळा दोन्ही होतं.

मागचं फूटरेस्टही तपासून घ्या. काही जुन्या 100 सीसी गाड्यांत ते चासीवर नसून चिमट्यावरच असतं. तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी मेन स्टँडवरून खाली घ्या, एकाला सीटच्या मागच्या टोकावर जोरात बसायला-उठायला सांगा आणि ज्या बोल्टचा विचार करताय त्याच्याकडे बाजूने बघत राहा. बोल्ट सीटबरोबर वर-खाली झाला तर तो चासीचा, वापरा. सीट हलली आणि बोल्ट जागेवरच राहिला, तर तो चाकाच्या बाजूचा, सोडा.

खात्रीच्या जागा दोन: शॉकअपचा वरचा बोल्ट आणि सीटमागच्या ग्रॅब रेलचे (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीचे) बोल्ट. चासीवर असेल तर मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट ही तिसरी. साडी गार्ड वजन पेलण्यासाठी नसतो. त्याची सळई बारीक असते, त्यावर काही लटकवू नका. तो काढूनही टाकू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं असा नियमच आहे. चौकट गार्डच्या बाहेरून घ्या.

आता लोखंड. वेल्डर 25 बाय 5 एमएमची पट्टी पुढे करेल, कारण ती त्याच्याकडे पडलेली असते. पट्टीची रुंद बाजू गाडीला समांतर लागते आणि डबा ओढतो तो बाहेरच्या दिशेला, म्हणजे नेमका पट्टीच्या पातळ अंगावर. तिकडे ती वाकते. 12 एमएमची सळई थोडी बरी, पण जड, मीटरला जवळजवळ 900 ग्रॅम. 16 एमएमचा चौकोनी पाइप घ्या. मीटरला साधारण 700 ग्रॅम भरतो आणि सळईच्या जवळजवळ तिप्पट ताठ राहतो. गेज (पाइपच्या पत्र्याची जाडी) मात्र 16 चाच हवा. त्याहून पातळ पाइप साध्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये जळून भोक पडतं. पट्टी लागते ती फक्त बोल्ट जिथे बसतात त्या कानांसाठी. पाइप चेपून त्यालाच भोक पाडून बोल्ट घालू नका, चेपलेल्या कडेलाच तडा जातो.

प्रत्येक बाजूला कॅनच्या पाठीएवढा चौकोन करायचा आणि त्याला वर दोन, खाली एक असे तीन कान. खालचा कान बसेल अशी जागाच गाडीला नसेल, तर चौकोनाच्या खालून एक पाइप तिरका वर घेऊन ग्रॅब रेलच्या बोल्टला आणा.

इथवर बरेच जण पोचतात आणि थांबतात. सगळ्यात महत्त्वाचा पाइप यानंतरचा आहे.

गावाकडच्या दूधवाल्याच्या गाडीमागे एकदा उभे राहून नीट बघा. 40 लिटरचे कॅन दोन्ही बाजूंना, रस्ता शेतातला, तरी चौकट डुलत नाही. त्याच्या दोन बाजू वेगळ्या नसतात. सीटवरून, मागून, जाड अँगलने त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. डावा कॅन बाहेर जाऊ लागला की उजवा त्याला धरतो. आपल्या डब्यांनाही तेच हवं: दोन्ही चौकोनांचे मागचे खालचे कोपरे जोडणारा एक आडवा पाइप, मडगार्डच्या मागून वळसा घेऊन. तो नसेल तर खड्ड्यात डब्याचं खालचं टोक आत-बाहेर झुलतं, आणि त्या झुलण्याचा सगळा पीळ वरच्या कानाच्या वेल्डिंगवर येतो. कान तिथूनच तुटतो, बोल्ट शाबूत राहतो. लोक मग जाड बोल्ट घालतात. दोष बोल्टचा नसतोच.

हा आडवा पाइप लावताना दोन गोष्टी सांभाळा. नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर यांपैकी काही झाकलं जाता कामा नये. आणि दोन माणसं बसवून गाडी पूर्ण दाबली तरी टायर आणि पाइप यांच्यात निदान तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे.

वेल्डरकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. जाड बाइंडिंग वायर वाकवून चौकटीचा साचा घरीच करा, कॅन दोरीने बांधून बघा, मागे कुणाला तरी बसवून त्याची टाच डब्याला लागते का तेही बघा. डबा जितका पुढे आणि खाली येईल तितका चांगला. मागच्या ॲक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं.

गाडीवर लावलेल्या अवस्थेत वेल्डिंग करू देऊ नका. 'दोनच टाके मारतो' म्हणेल, तरी नाही. शेजारी पेट्रोलची टाकी आहे. बीएस-6 गाड्यांत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आहे, आणि वेल्डिंगचा करंट कुठल्या वायरीतून परत जाईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. कान गाडीला बोल्टने कसा, पाइप व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) जागेवर पकडा, खडूने खुणा करा, सगळं उतरवून जमिनीवर टाके मारा, परत लावून बघा, आणि जमलं की मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढतं, त्यामुळे शेवटचं भोक जुळत नाहीच. म्हणून वरच्या दोन कानांपैकी एकाचं भोक आधीच लांबट पाडून घ्या. हातोड्याने ठोकून जुळवलेली चौकट कायम ताणाखाली राहते आणि आधी तुटते.

बोल्ट जुन्यापेक्षा पट्टीच्या जाडीएवढे लांब हवेत. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जा, आटे जुळवून घ्या. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे. शॉकअपच्या वरच्या खुंटीवर कानाची पट्टी बसल्यावर नटला पुरते आटे उरत नसतील, तर ती जागा सोडा आणि ग्रॅब रेलवर या.

शेवटची परीक्षा: डब्याचं खालचं टोक धरून जोरात हलवा. सगळी गाडी हलली पाहिजे. एकटा डबा हलला तर काम पुरं झालेलं नाही.

रेड ऑक्साइडचा हात, वर ऑइल पेंट. पाइपची उघडी टोकं आधी बंद करा.

डबा कापणं आणि बसवणं

हेक्सॉ ब्लेडने कॅन वरून सहा-सात सेंमीवर गोल कापा. वरचा तुकडा म्हणजे झाकण, त्याचं हँडल तसंच राहतं. गाडीकडच्या बाजूला बिजागरी, बाहेरच्या बाजूला पेटीची कडी. तिसऱ्या एखाद्या कॅनमधून पट्टी कापून खालच्या भागाला आतून अशी लावा की ती कडेच्या वर तीन सेंमी येईल. झाकण तिच्यावरून बसलं की पावसाचं पाणी सरळ आत जात नाही.

एम-सील, सिलिकॉन, फेविक्विक यांवर पैसे घालवू नका. या प्लास्टिकला काहीच धड चिकटत नाही, वाळल्यावर नखाने निघतं. रिव्हेट किंवा बोल्टच, आणि आतून मोठे वायसर. चौकटीवर बसवताना सहा एमएमचे चार बोल्ट, डब्याच्या आतून लोखंडी पट्टी, आणि डबा व पाइप यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा. नुसत्या वायसरवर सोडलं तर बोल्ट महिन्याभरात प्लास्टिक फाडून बाहेर येतो.

घरी केलेला डबा पूर्ण वॉटरप्रूफ होत नाही. कोकणातल्या किंवा ताम्हिणीच्या पावसात तर नाहीच. तळाला कोपऱ्यांत चार भोकं पाडा आणि सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून, बांधून ठेवा. बंद डब्यात साचलेल्या पाण्यात कपडे दिवसभर भिजत राहतात, भोकातून ते निघून तरी जातं.

सायलेन्सरच्या बाजूला डबा आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं मोकळी ठेवा. एचडीपीई 130 अंशांच्या आसपास वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. तेवढी जागा मिळत नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, पण डब्याला चिकटवून नको. वायसर घालून बोटभर पुढे.

भरणं आणि पहिली फेरी

दोन्ही डबे काट्यावर तोलून भरा. 100-125 सीसी गाडीला बाजूला पाच-सहा किलो पुरे. हत्यारं, पाण्याच्या बाटल्या खाली, कपडे वर. मागच्या टायरची हवा डबलसीटच्या आकड्यावर ठेवा, तो चेन कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो. मागच्या सीटवर तिसरा डबा ठेवायचा विचार असेल तर 2020 मध्ये आलेला नियम लक्षात घ्या: डबा 550 मिमी लांब, 510 रुंद आणि 500 उंच यापेक्षा मोठा नको, आणि तो मागच्या सीटच्या जागी असेल तर मागे माणूस बसवता येत नाही.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ते थोडे ढिले झालेलेच असतात. त्यानंतर प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी वरच्या कानाच्या वेल्डिंगवरून बोट फिरवा. रंगात केसाएवढी रेघ किंवा गंजाचा बारीक ओघळ दिसला तर तो तडा आहे. डबे उतरवा आणि वेल्डर गाठा. जादा पेट्रोल या डब्यांत ठेवू नका, सायलेन्सरच्या बाजूला नाही आणि दुसऱ्या बाजूलाही नाही.