कोकणच्या कड्याखालून चालताना या चुका टाळा

हरिहरेश्वरला काळभैरवाचं दर्शन घेऊन मागच्या पायऱ्यांनी टेकडी चढायची, दोन कातळांमधल्या चिंचोळ्या फटीतून खाली उतरायचं, की समुद्र एकदम पायाशी येतो. लाटांनी तासून सपाट केलेला खडकाचा ओटा आणि डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार झालेला कडा. कोकण किनाऱ्यावरची सगळ्यात देखणी वाट मला हीच वाटते. याच वाटेवरून माणसं वाहूनही गेली आहेत. प्रदक्षिणा ओहोटीलाच करा, असं तिथे बजावलेलं असतं. तरी लोक भरतीला उतरतात, कारण त्यांना समोरचा खडक कोरडा दिसतो.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: अंतर बघून निघणं

नकाशावर दीड किलोमीटर दिसतं, म्हणजे अर्धा तास, असा हिशेब घाटावरच्या गडांना चालतो. इथे किलोमीटर दुय्यम, पाण्याची वेळ पहिली. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी सकाळी नऊला मित्र जिथून कोरड्या पायांनी गेला, तिथे या शनिवारी नऊला भरती असते. 'आम्ही गेलो तेव्हा काहीच पाणी नव्हतं' हा सल्ला म्हणूनच घेऊ नका.

आपल्याकडचा जुना आडाखा पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट, म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास मागेपुढे, पावणेदहाला, ओहोटी. हा आडाखा मुंबई-रायगडकडे बरा जुळतो; रत्नागिरी-मालवणकडे भरती काहीशी आधी येते. निघताना भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक पाहाच. पण आडाखा डोक्यात असला की वेळापत्रक वाचताना चूक झाली तर लगेच खटकते.

यातली एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते. पौर्णिमा गाठून आलेली मंडळी पोहे खाऊन, आवरून अकराला किनाऱ्यावर उतरतात, ती नेमकी सगळ्यात उंच पाण्यात. त्या दिवशी वाट मोकळी असते ती उजाडता उजाडता आणि संध्याकाळी सहाला. त्यातही संध्याकाळी अंधार पाठीशी येतो, म्हणून पहाटच धरा. उलट अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. पाणी फार मागे जात नाही आणि कड्याखालची वाट कधी कधी पुरती उघडीच पडत नाही. वेळ बरोबर आणि तिथी चुकीची, असं होतं ते हे.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा, म्हणजे पाणी फिरायच्या आत परत येता. पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात थोडंसं सरकतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र एकूण चढापैकी जवळजवळ निम्मं पाणी येतं.

पाण्याने वाट अडवलीच तर

देवगड तालुक्यातल्या एका घळीत मी आणि माझा मावसभाऊ असे अडकलो होतो. जाताना कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढून परतणारी एक आजी भेटली. हातात कोयती, कमरेला ओली पिशवी. आमच्याकडे बघून म्हणाली, "झिलांनू, खंय चल्लात? पाणी भरता." आम्ही हसून पुढे गेलो. परत फिरलो तेव्हा कोपऱ्यावरचा खडक, ज्यावर चढून आलो होतो, तो पाण्याखाली होता आणि लाट कड्यावर आपटून मागे येत होती. कमरेएवढंच पाणी आहे, धरून धरून जाऊ, असं भाऊ म्हणाला. तसं केलं असतं तर आज हे लिहीत नसतो. कड्याला भिडून परतणारी लाट गुडघाभर पाण्यातही पाय उचलते आणि खाली कालवांची पाती सुरीसारखी असतात.

अशा वेळी पाण्यातून वळसा घालायचा नाही आणि कडा चढून वर जायचा प्रयत्नही करायचा नाही. वरचा जांभा हाताला धरला की सुटून येतो. खडकाकडे नीट बघा. कालवांचा आणि शेवाळाचा पट्टा संपतो त्याच्या वर, शक्यतो जिथे गवत किंवा झुडूप रुजलंय तिथवर जा आणि बसून राहा. उधाण असेल तर कालवांच्या रेघेवर पुरुषभर उंचीसुद्धा कमी पडते, म्हणून झुडपाची खूण जास्त भरवशाची. आम्ही चार तास बसलो. तहान लागली, उन्हाने डोकं धरलं, पण पाणी आपणहून उतरलं. ते उतरतंच, एवढं लक्षात ठेवलं तर घाईने घात होत नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कालवंवाल्या बायका घराकडे वळल्या की मीही वळतो.

आभाळ निरभ्र म्हणून समुद्र शांत समजणं

एप्रिल-मे महिन्यात वारा नाही, ढग नाहीत, आणि तरी अचानक मोठ्या लाटा किनाऱ्यावर चढतात. या लाटा दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांतून निघून काही दिवसांनी आपल्याकडे पोचतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघण्याच्या आदल्या रात्री ते पाहा.

गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ पाहायला लोक मुद्दाम भरतीला जातात, कारण तेव्हाच त्या अरुंद चिरेत पाणी घुसून उंच उसळतं. जा, जरूर पाहा. पण आधी दहा-पंधरा मिनिटं लांब उभे राहून लाटा बघा. सगळ्यात उंच तुषार कुठवर भिजवतो ते दिसेल. त्या ओल्या खडकाच्या मागे थांबा. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून घळीच्या कडेला उभं राहणं ही तिथली नेहमीची चूक.

खाडीचं तोंड पायी ओलांडणं

ओहोटीला खाडीच्या मुखाशी पाणी उथळ दिसतं आणि पलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर. पण सगळी खाडी तेव्हा त्याच अरुंद तोंडातून समुद्रात रिकामी होत असते, त्यामुळे ओढ जबरदस्त. काठाला खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, चिखलात पाय मांडीपर्यंत रुततो. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी त्यासाठीच आहेत. लहान खाड्यांवर तरीची होडी मिळते का, ते गावात विचारा. चिखलात रुतलातच तर पाय उपसायची धडपड थांबवा, पाठीवरची पिशवी काढून समोर टाका, तिच्यावर अंग टाकून आडवे होत हळूहळू बाहेर सरका.

पोहताना पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ कमी झाली की मग तिरकं बाहेर या. गणपतीपुळ्याचा समुद्र यासाठी आधीच बदनाम आहे. तिथल्या पाट्या खऱ्या माना.

सड्यावर दुपार काढणं

कड्याखाली भरती आली की वाट वर सड्यावरून जाते. सडा म्हणजे मैलभर उघडा जांभा, झाड नाही, आणि तापलेल्या तव्यासारखी खालून येणारी धग. तहान उशिरा कळते. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ घातलेलं कोकम सोबत हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा खरा हंगाम.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही त्यांतली काही गावं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. रेषा नीट दिसावी म्हणून त्यावर खडू ओढणारे, बूट घालून चित्राच्या मधोमध उभे राहणारे पाहिले की जीव तुटतो. सकाळी किंवा संध्याकाळी या. तिरप्या उन्हात रेषा आपसूक उठून दिसते.

कुणाला न सांगता निघणं

कड्याखाली मोबाईलला बऱ्याचदा रेंज मिळत नाही. ज्यांच्याकडे उतरला आहात त्या घरमालकांना वाट, परतीची वेळ आणि सोबत किती माणसं आहेत ते सांगून निघा. ११२ हा सगळीकडचा तातडीचा क्रमांक, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. तिन्ही कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि बेत बदलून दुसरीकडूनच एसटी पकडलीत, तर घरमालकांना आठवणीने फोन करा. नाहीतर दिवेलागणीला तुमच्या शोधात गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन त्याच कातळावर उतरलेली असतात.