रसायन सांडल्यावर या चुका टाळा: चाकणच्या ओढ्यापासून उजनीपर्यंत

"डॉक्टर, हातावर केमिकल उडालं." कुठलं? "निळ्या ड्रममधलं." भोसरी-चाकण पट्ट्यात दवाखाना चालवताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की सगळ्यात मोठी चूक कोणती, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. रसायनाचं नाव विचारायचं राहून जातं.

एका वर्कशॉपमधला पोरगा बोटं चुरचुरतात म्हणून आला होता. स्टीलच्या पिकलिंगच्या, म्हणजे स्टील ॲसिडमध्ये बुडवून साफ करायच्या टाकीवर काम करायचा. बोटं जरा लालसर होती, एवढंच. मी भाजल्याचं मलम देऊन घरी पाठवलं. रात्री तो कळवळत परत आला. टाकीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. ते पातळ असलं की वेदना काही तासांनी सुरू होते, आणि त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, साधं मलम नाही. नाव मी दुपारीच विचारायला हवं होतं.

टँकरच्या बाबतीत हे काम खरं तर सोपं आहे. मागच्या पाटीवर चार आकडी यूएन नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १२३० मिथेनॉल. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ठरवलेले हे आकडे खंडाळ्यात आणि रॉटरडॅममध्ये एकच आहेत. म्हणून घाटातून फोनवर सांगितलेला नंबर जगातल्या कुठल्याही विषतज्ज्ञाला कळतो. त्याच पाटीवर हॅझकेम कोड असतो, म्हणजे अपघातात काय करायचं ते सांगणारी आकडा-अक्षरांची खूण. त्याची सुरुवात ४ ने होत असेल तर पाणी मारायचं नाही. शेवटी E असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार करायचा. पाटी फाटली किंवा चिखलाने माखली असेल तर चालकाच्या केबिनमधलं ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचं नाव आणि अपघातातल्या सूचना लिहिलेला कागद, मागा. पाटी वाचायला जवळ मात्र जाऊ नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभं राहून मोबाइलने फोटो काढून मोठा केला तरी आकडे दिसतात. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या कुणे पुलावर टँकर पेटला, तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि चार जणांचा जीव गेला. बघायला थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

"पाणी मारून धुऊन टाका"

सांडलेलं नाल्यात लोटलं की शेड स्वच्छ दिसते. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ कीटकनाशकांचं गोदाम पेटलं. आग विझवायला वापरलेलं पाणीच विष घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. नदी लाल झाली, इल मासे मेले, आणि फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्सपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी एकमेकांना इशारा देण्याची व्यवस्था बळकट केली.

आपल्याकडे चाकणचा ओढा इंद्रायणीला मिळतो, इंद्रायणी तुळापूरला भीमेला. भीमेचं पाणी उजनीत साठतं आणि सोलापूर ते पितं. पुढे तीच नदी पंढरपूरवरून कर्नाटकात जाते. म्हणून वाळू किंवा माती टाकून बांध घाला, सांडलेलं अडवा, आणि नाल्यात गेलंच असेल तर लपवू नका.

खात्री होईपर्यंत थांबणं

ही चूक मोठे अधिकारीही करतात. १३ नोव्हेंबर २००५ ला चीनमधल्या जिलिनच्या कारखान्यात स्फोट झाला आणि बेंझिन, नायट्रोबेंझिन सोंगहुआ नदीत गेलं. खालच्या हार्बिन शहरात पाणी बंद करताना लोकांना आधी सांगितलं गेलं की पाइपांची दुरुस्ती आहे. खरं कळल्यावर गोंधळ उडाला. नदी पुढे रशियात जाते, त्यामुळे शेवटी दोन्ही देशांना मिळून पाण्याची तपासणी करावी लागली. उलट जानेवारी २००० मध्ये रुमानियातल्या बाया मारेच्या खाणीतून सायनाइडचं पाणी फुटलं, तेव्हा मासे भरपूर मेले, पण इशारा नदीबरोबर पुढे गेला आणि हंगेरीतल्या तिस्सा नदीकाठच्या गावांना पिण्याचं पाणी सांभाळता आलं.

जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम फक्त साथीच्या रोगांसाठी आहेत, असा समज डॉक्टरांमध्येही आहे. २००७ पासून लागू असलेल्या या नियमांत रासायनिक घटनाही येतात. देशाने ४८ तासांत घटनेचं मूल्यमापन करायचं आणि ती गंभीर ठरली तर पुढच्या २४ तासांत कळवायचं. भारतातर्फे हे काम दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र बघतं. पण दिल्लीला कळणार कसं? कारखान्यातून अग्निशमन दलाला (१०१) किंवा ११२ ला, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा आपत्ती गटाला. पहिल्याच फोनला तीन तास उशीर झाला तर वरचे सगळे तास फुकट जातात. "क्लोरीन असावा, नक्की नाही, वारा तळवड्याकडे आहे," एवढंही पुरेसं असतं.

बरं वाटतंय म्हणून घरी सोडणं

कपडे काढून अंग धुतलं, खोकला थांबला, की रुग्ण निघायला उठतो. क्लोरीन, फॉस्जीन, नायट्रोजन डायऑक्साइड यांनी फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं. रात्रभर ठेवून घ्या, नातेवाइकांनी घाई केली तरी.

आणि नोंद करा. इटलीत सेवेसोला १९७६ मध्ये डायॉक्सिनचा ढग पसरला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लोकांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. काही वर्षांनी ते अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासलं गेलं आणि कुणाच्या अंगात किती विष गेलं होतं ते माणसागणिक कळलं. आपल्या रजिस्टरमध्ये नाव, वय, किती वाजता, कुठे उभा होता, वारा कुठला, यूएन नंबर काय, एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. रक्त आणि लघवीचा नमुना पहिल्याच दिवशी घ्या, बाटलीवर वेळ लिहा, फ्रीजमध्ये ठेवा.