जुनी मॅन्युअल टेलिफोटो लेन्स: ओळख आणि पारख

जुन्या लेन्सच्या पुढच्या कड्यावर कोरलेले नाव वाचूनच अनेक जण तिची किंमत मनात ठरवून टाकतात. ते नाव लेन्स कोणत्या घराण्यातली आहे एवढेच सांगते. ती आज छायाचित्र काढण्याजोगी आहे की नाही, हे तिच्या काचांतून आरपार जाणारा प्रकाशच सांगतो. त्यामुळे ओळख पटवणे आणि पारख करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे झाल्याशिवाय पैशांची बोलणी सुरू करू नयेत. पुढील विवेचनासाठी १३५ मिलिमीटरची टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी, लेन्स घेतली आहे, कारण फिल्म कॅमेऱ्यांच्या काळात हौशी छायाचित्रकार ५० मिलिमीटरनंतर बहुधा हीच घेत असे आणि म्हणून ती आजही जुन्या बाजारात सर्वांत सहज मिळते.

कड्यावर ‘१:२.८’ आणि ‘१३५’ असे आकडे असतील, तर नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १३५ मिलिमीटर आणि प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे सर्वांत मोठे उघडे मोजमाप २.८ असा त्याचा अर्थ. १३५ ला २.८ ने भागले की साधारण ४८ येतात, म्हणजे अशा लेन्सच्या पुढच्या काचेचा व्यास किमान ४८ मिलिमीटर असलाच पाहिजे. ३.५ च्या लेन्सला सुमारे ३९ पुरतात. खिशातली लहान पट्टी काचेसमोर धरून हे तपासता येते, आणि पुढचे कडे दुसऱ्या लेन्सचे बसवलेले असेल तर ते इथेच उघडे पडते.

नावांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइस कंपनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीत विभागली गेली. ‘कार्ल झाइस येना’ हे पूर्वेकडचे नाव. नावाच्या हक्काचा वाद असल्यामुळे काही देशांत पाठवलेल्या लेन्सवर नुसते ‘आउस येना’ आणि ‘सोनार’ (Sonnar) या लेन्सच्या नावाऐवजी केवळ ‘एस’ हे अक्षर दिसते, तरी लेन्स तीच असते. पेंटाकॉन या पूर्व जर्मन कंपनीच्या १३५/२.८ बाबत मात्र नाव एक आणि लेन्सचे प्रकार दोन. आधीच्या प्रीसेट, म्हणजे छिद्र हाताने मिटायच्या, आवृत्तीत अ‍ॅपर्चरला १५ पाती आहेत आणि ती मायर ऑप्टिक कंपनीच्या ओरेस्टॉर लेन्सची थेट वारसदार आहे; नंतरच्या ऑटोमॅटिक, म्हणजे शटर दाबताना छिद्र आपोआप मिटणाऱ्या, आवृत्तीत ६ पाती आहेत. अ‍ॅपर्चर थोडे मिटून आत पाहिले की पहिल्यात जवळजवळ गोल छिद्र दिसते, तर दुसऱ्यात स्पष्ट षटकोन. पार्श्वभूमीतले दिवे मऊ गोल हवे असतील, तर माझ्या मते पहिलीसाठी अधिक पैसे मोजणे योग्यच आहे.

विविटार ही अमेरिकी कंपनी लेन्स स्वतः बनवत नसे, जपानी कारखान्यांकडून बनवून घेत असे. तिच्या १९७० नंतरच्या बहुतेक अनुक्रमांकांतले पहिले दोन आकडे कारखाना सांगतात: २२ म्हणजे किनो, म्हणजेच किरॉन, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे तोकिना. तिसरा आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे दोन आठवडा. २८५१४ ने सुरू होणारी लेन्स कोमिनेने एखाद्या पाचने संपणाऱ्या वर्षाच्या १४ व्या आठवड्यात बनवलेली. दशक कोणते, हे लेन्सच्या घडणीवरून ठरवावे लागते. सोव्हिएत ज्युपिटर-३७ए सारख्या लेन्सचे वर्ष त्याहून सोपे, कारण तिथे अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सरळ वर्षच असतात.

माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी रचना, ओळखताना सर्वाधिक सावध राहावे ते स्क्रूसारख्या आट्यांच्या लेन्सबाबत. एम४२ माउंटचा व्यास ४२ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १ मिलिमीटर. टी२ माउंटचा व्यासही ४२ च, पण आट्यांतले अंतर ०.७५. टी२ ची लेन्स एम४२ च्या, म्हणजे लेन्स दुसऱ्या माउंटच्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या, अ‍ॅडॉप्टरमध्ये एक-दीड फेरा सहज फिरते आणि मग घट्ट होते. तिथेच थांबावे. मी एकदा जोर लावला. अ‍ॅडॉप्टर आडवा अडकला आणि लेन्सचे आटे कायमचे खराब झाले. निकॉनच्या बाबतीत काळजी वेगळी: १९७७ च्या आधीची, एआय (अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला आपोआप कळवणारी रचना) नसलेली निकोर लेन्स अनेक नव्या डीएसएलआर बॉडींवर चढवली, तर बॉडीवरची नाजूक खूण-पट्टी मोडू शकते. एआय लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या मोठ्या आकड्यांखेरीज माउंटजवळ बारीक आकड्यांची दुसरी ओळ असते, ती शोधावी. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टर लावून वापरणार असाल, तर ही अडचण राहत नाही.

आता पारख. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात भर उन्हात लेन्स हातात आली, की ती बहुधा स्वच्छच दिसते, कारण उन्हात डोळ्याला फक्त वरची काच दिसते. दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, सावलीत यावे आणि छोटा एलईडी टॉर्च मागच्या काचेकडून थोडा तिरपा धरून पुढून आत पाहावे. टॉर्च सरळ डोळ्यांत येईल असा धरू नये. तिरप्या उजेडातच दोष उजळतात. धुळीचे कण सुटे, चमकदार ठिपके म्हणून दिसतात आणि त्यांनी चित्राचे काही बिघडत नाही. बुरशी मात्र कडेपासून आत पसरणाऱ्या बारीक धाग्यांची असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा बर्फाच्या फुलीसारखी. संपूर्ण काचेवर एकसारखा दुधाळ पडदा दिसला, तर ते आतले धुके. त्याने उजेडाकडे तोंड करून काढलेले चित्र फिकट पडते. काठाशी इंद्रधनुष्यासारखा चकचकीत डाग असेल, तर दोन काचा जोडणारा थर सुटू लागला आहे आणि ती दुरुस्ती लेन्सच्या किमतीत बसत नाही. मग टॉर्च उलट बाजूने धरून हेच पुन्हा करावे, कारण मागच्या भिंगावरचा डाग पुढच्या ओरखड्यापेक्षा चित्राचे कितीतरी जास्त नुकसान करतो.

मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये बुरशी सापडणे नवल नव्हे. ताजी बुरशी जाणकार कारागीर लेन्स उघडून पुसू शकतो. पण तिने काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्ले असेल, तर पुसल्यावरही धाग्यांचे ठसे राहतात. हे लेन्स उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून बुरशीची लेन्स घ्यायचीच असेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी धरून उरलेलीच किंमत द्यावी.

यांत्रिक तपासणी त्या मानाने लवकर होते. फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारख्या जडपणाने फिरले पाहिजे. मध्येच सैल, मध्येच करकरीत असेल, तर वंगण सुकले आहे. एम४२ ऑटोमॅटिक लेन्सच्या मागची छोटी पिन बोटाने दाबून झटकन सोडावी: पाती तत्काळ मिटली आणि तत्काळ उघडली पाहिजेत. सावकाश हलली, तर त्यांवर तेल आले आहे. ‘ए’ (ऑटो) आणि ‘एम’ (मॅन्युअल) असे बटण असेल, तर साध्या अ‍ॅडॉप्टरवर ते ‘एम’ वरच ठेवावे, नाहीतर अ‍ॅपर्चर उघडेच राहते.

विक्रेत्याची हरकत नसेल, तर स्वतःचा कॅमेरा आणि अ‍ॅडॉप्टर सोबत न्यावा आणि ‘लेन्स नसताना शटर चालू’ ही सोय आधीच सुरू करून ठेवावी. दूरची विजेची तार आकाशासमोर धरून, चित्र मोठे करून फोकस करावे. अनंतावर ती स्पष्ट होत नसेल, तर आधी अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या लेन्सवर तपासावा. तो ठीक असेल, तर कुणीतरी लेन्स उघडून फोकसचे आटे चुकीच्या जागेवरून जोडले असण्याची शक्यता मोठी. त्याच तारेच्या कडेला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर जांभळी किनार दिसली, तर तो दोष धरू नये. त्या काळातल्या बऱ्याच लेन्समध्ये ती असते आणि ५.६ पर्यंत मिटल्यावर बरीच कमी होते. हातात धरून काढताना शटर १/२५० च्या खाली आणू नये, नाहीतर हाताच्या थरथरीचा दोष लेन्सवर येतो.

लेन्स घरी आणल्यावर तिच्यासोबत मिळालेली चामड्याची पिशवी, कितीही देखणी असली, तरी वापरू नये. चामडे ओल धरते आणि बुरशीला खाद्यही पुरवते. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास काटा राहतो की नाही हे दाखवणारा लहान आर्द्रतामापक ठेवून त्यात लेन्स ठेवावी, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत दर आठवड्याला ती बाहेर काढून काही चित्रे काढावीत.