जर्मनीत फिजिओथेरपी: खिशाला चाट न लावता कशी करून घ्यावी

लॅपटॉपसमोर बसून बसून माझी मान आखडली, तेव्हा मी सरळ घराजवळच्या फिजिओच्या प्रॅक्सिसमध्ये, म्हणजे क्लिनिकमध्ये, जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या बाईंनी एकच शब्द विचारला, ‘रेत्सेप्ट?’ म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. ती नव्हती, म्हणून आल्या पावली परत. जर्मनीत फिजिओला किती पैसे पडणार, हे बरंचसं त्या चिठ्ठीवर ठरतं.

तुमचा आरोग्य विमा पब्लिक (कायद्याने ठरवलेला सार्वजनिक) आहे की प्रायव्हेट (खासगी कंपनीचा), ते आधी बघा. नोकरी करणारे बहुतेक मराठी लोक पब्लिकमध्ये असतात, म्हणून आधी त्यांचं सांगते.

चिठ्ठीसाठी ऑर्थोपेडिकच्याच मागे लागू नका. त्यांची वेळ मिळेपर्यंत दुखणं जुनं होतं. हाउसआर्त्स्ट, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, हीच चिठ्ठी देऊ शकतो. तिच्यावर सहसा 6 सेशन्स असतात आणि उपचाराचं नाव असतं. ‘केजी’ म्हणजे व्यायाम करून घेणं, ‘एमटी’ म्हणजे सांधे हाताने मोकळे करणं. मालिश होईल या आशेने केजीची चिठ्ठी घेऊन जाल, तर हिरमोड होईल.

आता तारीख. चिठ्ठी लिहिल्यापासून 28 दिवसांत पहिलं सेशन व्हावंच लागतं. डॉक्टरने ‘तातडीचे’ या चौकोनात खूण केली असेल, तर 14 दिवसांतच. मी चिठ्ठी पर्समध्ये घालून निवांत फोन करायला बसले. पहिल्या प्रॅक्सिसने सहा आठवड्यांनंतरची वेळ दिली, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. चिठ्ठी बाद झाली, पुन्हा डॉक्टरकडे गेले, पुन्हा तासभर वेटिंग रूममध्ये. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी तीन-चार ठिकाणी फोन करून वेळ ठरवा, मग त्या हिशेबाने चिठ्ठी घ्या. सकाळी सात-आठची किंवा दुपारची वेळ चालेल म्हणालात, तर नंबर लवकर लागतो. संध्याकाळी पाचनंतरची वेळ सगळ्यांनाच हवी असते.

तुम्हाला भरायचे ते पैसे असे: प्रत्येक चिठ्ठीला 10 युरो, अधिक उपचाराच्या किमतीच्या 10 टक्के. समजा एका सेशनचा दर 28 युरो आहे. सहाचे झाले 168, त्याचे 10 टक्के 16.80, त्यात 10 मिळवा: 26.80 युरो. सहाही सेशन्स मिळून एवढेच! ते 10 युरो चिठ्ठीमागे आहेत, सेशनमागे नाहीत. आणि 18 वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीच भरावं लागत नाही.

मग खिसा फाटतो कुठे? चुकवलेल्या वेळेत. आदल्या दिवशी, म्हणजे साधारण 24 तास आधी, कळवलं नाही तर प्रॅक्सिस बिल पाठवते, आणि ते विमा भरत नाही. ट्रेन रद्द झाली, हे कारण चालेलच असं नाही. जाताना मोठा टॉवेल घरून न्या, कारण काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात. केजीचं सेशन 15 ते 25 मिनिटांचं. कपडे बदलण्यात पाच मिनिटं घालवलीत, तर उपचार तेवढाच कमी.

पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. औषधं, हॉस्पिटल, फिजिओ अशा सगळ्या ठिकाणी भरलेला तुमचा वाटा वर्षभरात घरच्या एकूण उत्पन्नाच्या 2 टक्क्यांपलीकडे गेला, तर त्यापुढे माफी मिळते. दीर्घ आजारासाठी सतत उपचार चालू असल्याचं डॉक्टरने लिहून दिलं, तर ही मर्यादा 1 टक्का. नुसत्या मानदुखीने तिथवर कोणी पोचत नाही, पण घरात मधुमेह किंवा ऑपरेशन असेल तर हिशेब करून बघाच. जोडीदार आणि मुलांसाठी उत्पन्नातून वजावटही मिळते.

प्रायव्हेटवाल्यांना चिठ्ठी लागतेच. फरक इतकाच, की बिल आधी स्वतः भरायचं आणि मग विम्याकडे मागायचं. प्रॅक्सिस दराच्या कागदावर सही घेते. सही करण्याआधी तो दर विमा कंपनीला कळवून ‘यातले किती देणार?’ हे लेखी विचारा. उरलेला फरक तुमच्या खिशातून जातो.

दुखणं थांबल्यावरही पाठ कुरकुरत असेल, तर पब्लिक विम्याकडे पाठीच्या व्यायामाच्या कोर्सची चौकशी करा. मान्यताप्राप्त कोर्स नियमित केला, तर बहुतेक कंपन्या फीचा मोठा वाटा परत देतात. याला चिठ्ठी लागत नाही.

राहिले भारतातून तीन महिन्यांसाठी येणारे आई-बाबा. त्यांचा प्रवास विमा अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो. आईचा दहा वर्षांपासूनचा गुडघा त्यात सहसा बसत नाही, आणि इथे सगळं स्वतः भरायचं तर सुट्टीतला मोठा खर्च तोच होतो. त्यापेक्षा तिकीट काढल्यावर पुण्यातल्याच फिजिओकडून व्यायाम नीट शिकून घ्यायला सांगा, आणि फोनवर व्हिडिओ काढून आणायला. माझ्या आईच्या व्हिडिओत मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, पण गुडघा किती वाकवायचा ते अगदी स्पष्ट दिसतं.